दुसरी हाक

दिवाळीच्या सुट्टीत मास्तराच्या घरी दोन गोष्टी हटकून असतात. एक फराळाचे डबे आणि दुसरी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. डबे दिवसागणिक हलके होत जातात. गठ्ठा मात्र भाऊबीज उलटली तरी आहे तेवढाच दिसतो. म्हणून दरवर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, मुले आकाशकंदिलाच्या खटपटीत असताना, मी सोप्यावर बैठक मांडतो, लाल शाईचे पेन काढतो आणि निदान पहिल्या दहा पत्रिका तरी हातावेगळ्या करतो. उरलेल्या पन्नासांचे काय होते ते शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री मलाच ठाऊक!

गेल्या दिवाळीत या बैठकीला मला सोबती मिळाला. पुण्याहून भाचा आला होता. जेवण झाले, सुपारी झाली, आणि हा गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसला.

"अरे, सणाचं तरी ते मिटव," मी म्हणालो.

"मामा, तुझ्या वह्या आहेत तशा माझ्याही आहेत. एवढी एक तपासतो आणि मिटवतो."

"तुझ्या कसल्या वह्या?"

"कोड तपासायचा आहे. आमच्याकडे एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून बरोबर म्हटल्याशिवाय पुढं जात नाही."

हे ऐकून मला फार बरे वाटले. माझे शिक्षण आजीच्या भाषेत मॅट्रिकपर्यंतचे. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध मुलांची हजेरी भरण्यापुरता, आणि तोही शाळेतला शिपाई शेजारी उभा असला तर. भाचा जे काही करतो ते आपल्या आकलनापलीकडचे आहे, अशी माझी वर्षानुवर्षे समजूत होती. आणि आता तो म्हणत होता, मी वह्या तपासतो! मी माझा गठ्ठा बाजूला सारला आणि त्याच्या शेजारी सरकलो.

पडद्यावर ओळीच ओळी होत्या. काही लाल, काही हिरव्या, बाकीच्या साध्या. काढून टाकलेली ओळ लाल आणि नवी घातलेली हिरवी, असे त्याने सांगितले. लाल रंग पाहून परक्या गावी ओळखीचा माणूस भेटावा तसे मला झाले.

"पण सगळंच वाचावं लागतं का रे? लिहिणारा विश्वासाचा असला तरी?"

यावर त्याने मला २०२४ सालची एक हकीकत सांगितली. 'एक्सझेड' नावाची एक लहानशी प्रणाली आहे. फाइली दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण जगातल्या असंख्य यंत्रांत ती असते. दोनेक वर्षे नेकीने काम करून विश्वास कमावलेल्या, एका नावाआड वावरणाऱ्या माणसाने तिच्यात चोरदरवाजा बसवला. वाईट भाग वाचण्यासारख्या ओळींत नव्हताच. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचताच न येणाऱ्या फाइलींत तो दडवला होता. आणि त्याला बाहेर काढणारी युक्ती तेवढी लोकांना वाटायच्या गठ्ठ्यात घातली होती. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. तो त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत गेला, आणि २९ मार्चला सारे उघडकीस आले.

"तेव्हापासून," भाचा म्हणाला, "दाखवलेलं वाचताना न दाखवलेल्याची थोडी भीती वाटते."

हे वाक्य त्याने सहज म्हटले. मला ते त्या रात्री पुन्हा आठवायचे होते.

"बरं, आता ही वही कसली आहे ते सांग."

त्याने सांगायला सुरुवात केली आणि चार वाक्यांत मी गटांगळ्या खाऊ लागलो. सर्व्हिस, सॉकेट, ॲक्टिव्हेशन! शेवटी मी माझ्या परीने वाट काढली. म्हटले, "थांब. आमच्या लहानपणी या आळीत एक वैद्य होते. त्यांच्याकडे एक म्हातारा गडी दाराशी झोपायचा. रात्री-अपरात्री कोणी आलं की गडी दार उघडायचा, आलेल्याला ओसरीवर बसवायचा आणि मग आत जाऊन वैद्यांना उठवायचा. वैद्य रात्रभर जागे राहत नसत, पण त्यांचं दार मात्र कधी बंद नसे. तसं काही आहे का हे?"

भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा मुलगा अचानक बरोबर उत्तर देतो तेव्हा मीही बहुधा तसाच पाहत असेन.

"तसं काही नाही, तेच आहे!"

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. संगणकाच्या पोटात पुष्कळ सेवक असतात. कोणी छपाई करतो, कोणी निरोप पोचवतो, कोणी दूरच्या माणसाला आत घेतो. हे सगळे दिवसभर ताटकळत उभे राहिले तर जागा अडवतात, आणि यंत्र सुरू करायचे म्हणजे एकेकाला उठवत बसावे लागते. म्हणून युक्ती अशी, की दार एका व्यवस्थापकाने धरून बसायचे. हे दार म्हणजे सॉकेट. कोणी हाक मारली की व्यवस्थापकाने त्या कामाच्या सेवकाला उठवायचे आणि दार त्याच्या हाती द्यायचे. काम संपले, बराच वेळ कोणी आले नाही, की सेवकाने पुन्हा झोपी जावे. दार व्यवस्थापकापाशी असतेच. हाक मारणाऱ्याला आत कोणी झोपले होते याचा पत्ताही लागत नाही. उत्तर क्षणभर उशिरा येते, इतकेच.

कल्पना तशी जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून १९८६ साली निघालेल्या युनिक्सच्या आवृत्तीत 'इनेटडी' नावाचा असा एक राखणदार होता; अनेकांची दारे तो एकटा सांभाळी. २००५ साली ॲपलने आपल्या यंत्रांत 'लाँचडी' आणला. २०१० साली लेनर्ट पोटरिंग या अभियंत्याने लिनक्ससाठी 'सिस्टिमडी' पुढे मांडला, तेव्हा त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. आधी सगळी दारे मांडून ठेवायची. मग घरातली माणसे आपापल्या वेगाने उठोत. कोणाच्या आधी कोणी उठायचे हा वाद उरत नाही, कारण आलेला पाहुणा ओसरीवर थांबलेला असतो. ओसरीवर किती जण मावतील यालाही मर्यादा आहे. लिनक्समध्ये ती पूर्वी ठरावाने १२८ होती. २०१९ पासून ४०९६ आहे.

"आमच्या वैद्यांच्या ओसरीवर बारा बसत," मी म्हणालो.

"पण मामा, गंमत इथंच आहे. दार दुसऱ्याच्या हाती गेलं की जुन्या सवयी अंगाशी येतात."

याचेही उदाहरण त्याच्यापाशी तयार होते. उबुंटू या लिनक्सच्या २०२२ च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीत, दूरवरून यंत्रात येणाऱ्यांना आत घेणारा सेवक असाच हाकेवर उठणारा केला गेला. प्रत्येक यंत्रामागे निदान ३ मेगाबाइट स्मृती वाचली. लहान यंत्रे हजारोंनी चालवणाऱ्याला ही बचत थोडी नव्हे. पण कोणत्या क्रमांकाच्या दाराशी बसायचे हे लोक वर्षानुवर्षे त्या सेवकाच्या वहीत लिहून ठेवीत आले होते. अद्ययावत करताना जुनी नोंद नव्या जागी उतरवून घेण्याची सोय केलेली होती. पण पुढे कोणी सवयीने त्याच जुन्या वहीत क्रमांक बदलला, तर काहीच घडेना! दार आता व्यवस्थापकाचे, आणि व्यवस्थापक ती वही वाचीतच नव्हता. २०२४ च्या आवृत्तीपर्यंत त्यावर तोड निघाली. सेवकाच्या वहीतला क्रमांक वाचून त्याप्रमाणे दार मांडणारा एक मदतनीस नेमला गेला.

माणसाच्या सवयी बदलण्यापेक्षा सवयी वाचणारा कारकून नेमणे सोपे, असे मी म्हणालो. त्यावर तो हसला आणि वही वाचू लागला.

त्याची कंपनी इस्पितळांसाठी लहान यंत्रे तयार करते. रक्तालघवीच्या तपासणीचे निकाल प्रयोगशाळेतून येतात ते कागदावर छापून द्यायचे, असे त्यातल्या एकाचे काम. यंत्र लहान, स्मृती थोडी, आणि छापणारा सेवक रात्रंदिवस उभा. त्याला हाकेवर उठणारा करावा असे ठरले, आणि ते काम जूनमध्ये नव्याने लागलेल्या एका मुलीने केले. तिचे पहिलेच मोठे काम. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ते पुरे करून ती आपल्या गावी गेली होती, आणि वही भाच्याकडे आली होती.

तो एकेक हिरवी ओळ वाचीत होता आणि मला सांगत होता. प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतः तीन झरोके असतात: ० क्रमांकाचा आत येणाऱ्यासाठी, १ बाहेर जाणाऱ्यासाठी आणि २ तक्रारींसाठी. म्हणून व्यवस्थापक जे दार हाती देतो त्याचा क्रमांक ३ पासून सुरू होतो. दाराबरोबर एक चिठ्ठीही असते: अमुक क्रमांकाच्या सेवकासाठी, इतकी दारे. सेवकाने आधी पाहायचे, की चिठ्ठीवरचा क्रमांक आपलाच आहे ना. आणि वाचून झाली की चिठ्ठी फाडायची, नाही तर त्याच्या हाताखालच्या पोरांना ती आपल्यासाठीच आहे असे वाटते.

"बघ, नाव तपासलंय. चिठ्ठी फाडलीय. छान!"

पुढे आणखी एक पाहिले. सेवक उठला, पण आलेल्याला आत न घेताच पुन्हा झोपला तर? पाहुणा दाराशी आहेच. म्हणून व्यवस्थापक त्याला पुन्हा उठवतो, तो पुन्हा झोपतो. असे चालले तर यंत्राला दुसरे काम सुचायचे नाही. म्हणून साधारण नियम असा, की १० सेकंदांत ५ वेळा उठवून पाहायचे आणि मग नाद सोडायचा. मुलीने तेही सांभाळले होते. आलेल्याला आत घेऊन, त्याचे काम पुरते झाल्यावरच सेवक झोपत होता. चाचण्याही लिहिल्या होत्या. दार मांडले, हाक मारली, सेवक उठला, निकाल छापला. सगळ्यांपुढे हिरव्या खुणा!

"हुशार आहे पोरगी," भाचा म्हणाला आणि 'मान्य' लिहायला त्याने बोट उचलले.

मी तेव्हा जो प्रश्न विचारला तो काही शहाणपणाने विचारला नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. पात्र रंगमंचावर कसे आले यापेक्षा ते गेले कसे, याची त्याला चौकशी असते. वीस वर्षांत माझी जितकी प्रकरणे फसली ती बहुतेक पात्रांना बाहेर काढताना. म्हणून म्हटले, "उठतो कसा ते कळलं. झोपायला जाताना काय करतो तो?"

"काही नाही. आवराआवर करतो आणि जातो. ते जुनंच आहे, तिनं त्याला हात लावलेला नाही."

"म्हणजे लाल नाही आणि हिरवंही नाही?"

"नाही. न बदललेलं इथं दिसतच नाही. फक्त बदल दिसतात."

हे म्हणता म्हणता तो थांबला. मग त्याने मिटलेला भाग उघडला आणि खाली खाली जात शेवटच्या ओळींशी आला. तिथे सगळे साधे, बिनरंगी होते. तो ते वाचीत राहिला. बाहेर मुलांनी कंदील पेटवला, त्याचा केशरी उजेड त्याच्या तोंडावर पडला, तरी त्याने मान वर केली नाही.

"अरे बापरे," तो हळूच म्हणाला.

झाले होते ते असे. या सेवकाचे दार म्हणजे यंत्रातल्या एका ठरलेल्या जागी ठेवलेली एक खूण असते. फाइलीसारखीच तिला नाव असते, आणि हाक मारणारे त्या नावाने येतात. पूर्वी सेवक आपले दार आपणच मांडी. जाताना ती खूण तशीच राहिली तर पुढच्या वेळी जागा अडलेली दिसते आणि दार मांडताच येत नाही. म्हणून चांगल्या वळणाचा सेवक जाण्यापूर्वी ती पुसून टाकतो. ही एक ओळ कोणी तरी शहाण्या माणसाने फार वर्षांपूर्वी लिहिली होती. ती चुकीची नव्हती. उलट ती नसती तर तेव्हा चूक झाली असती.

पण आता दार त्याचे नव्हते. पहिली हाक येई, सेवक उठे, निकाल छापी, थोडा वेळ वाट पाही आणि झोपायला जाताना जुन्या सवयीने दारावरची खूण पुसून टाकी. व्यवस्थापक आपला दार धरून बसलेलाच! त्याला विचारले तर तो सांगणार, मी ऐकतो आहे. आणि तो खरेच ऐकत असतो. पण त्या दाराकडे येणारी वाटच उरलेली नसते. दुसरी हाक मारणारा येतो, त्या नावाचे काही इथे नाही असे पाहतो आणि परत जातो.

"चाचणीत कसं नाही कळलं?"

"चाचणीत एकदाच हाक मारलीय, मामा. पहिल्या हाकेला तो नेहमीच उठणार."

"आणि इस्पितळात?"

"सकाळचा पहिला निकाल छापला जाईल. मग मध्ये जरा निवांत वेळ गेला, की पुढच्या माणसाचा कागद निघायचा नाही. पडद्यावर सगळं ठीक दिसेल. कोणाला वाटेल, अजून तपासणी व्हायचीय."

त्यावर मी काही बोललो नाही. तो पुन्हा आपल्या कामात गढला आणि मी उगीचच एक उत्तरपत्रिका पुढे ओढली. पण अक्षरे दिसेनात. गेली कित्येक वर्षे मी कोणाला न सांगितलेली एक रात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

माझ्या आईला शेवटच्या वर्षी पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. ती माजघरात झोपे. तिला हाक मारता येत नसे, म्हणून देवघरातली पितळी घंटा आम्ही तिच्या डाव्या हाताशी ठेवली होती. देवाची घंटा अशी अंथरुणाशी ठेवावी का, यावर शेजारच्या काकूंनी जरा नाक मुरडले. पण आईला त्या घंटेचे वजन सोसत होते आणि आवाज घरभर जात होता.

त्या आठवड्यात घरातली मंडळी लग्नाला गेली होती. मी एकटा. मी माडीवर झोपत असे. आमच्या माडीच्या जिन्याला वरच्या बाजूला जुन्या वाड्यांत असते तसे आडवे दार आहे. ते टाकले आणि कडी घातली की खालचा आवाज वर येत नाही. तरुणपणी मी रात्री लिहीत बसे तेव्हा मुद्दाम ते दार लावून घेई. मांजरे वर येत, वारा सुटला की दार आपटे आणि लिहिण्याचा धागा तुटे. सात-आठ वर्षे रोज रात्री हाताला ते वळण पडले होते. आई आजारी पडल्यापासून अर्थात मी ते उघडे ठेवीत असे.

रात्री एकच्या सुमारास घंटा वाजली. मी लगेच उठलो, खाली गेलो. आईला पाणी पाजले, कूस बदलून दिली, पांघरूण सारखे केले. तिने डाव्या हाताने माझा हात दाबला. मला स्वतःचे जरा कौतुकही वाटले, की पहिल्याच घंटेला आपण जागे झालो. दिवसभर शाळा आणि वर घरचे काम. डोळे मिटत होते. मी वर गेलो, पडलो, झोपलो.

सकाळी उठलो तेव्हा उन्हे आली होती. खाली उतरायला गेलो तर जिन्याचे दार लावलेले, कडी घातलेली. मी ती केव्हा घातली हे मला आजही आठवत नाही. हातानेच घातली असली पाहिजे.

माजघरात आई जागी होती. अंथरूण भिजलेले होते. घंटा तिच्या हाताशी नव्हती. पार भिंतीशी, धान्याच्या कणगीपाशी जाऊन पडली होती. किती वेळ वाजवली असेल आणि केव्हा हातून सुटली असेल, ते विचारायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि सांगायला तिला वाचा नव्हती. मी चादर बदलायला लागलो तेव्हा तिने डावा तळहात गालाखाली नेऊन डोळे मिटले आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. झोप झाली का, असे ती मला विचारीत होती.

ती पुढे तीन महिने होती. त्याच दुपारी मी पकड आणून ती कडी उपटून काढली. मंडळी लग्नाहून परत आली तेव्हा, कडी कुठे गेली, असे कोणी विचारले नाही. कोण विचारणार? नसलेली गोष्ट कोणाला दिसते?

"मामा, हे वाच बरं," भाचा म्हणाला, आणि मी भानावर आलो.

त्याने त्या मुलीसाठी शेरा लिहिला होता. पहिल्या ओळीत होते, की हे लक्षात यायला हवे होते. इस्पितळाचे काम आहे, इतका निष्काळजीपणा चालणार नाही. मीही असेच शेरे लिहीत आलो आहे. लाल शाईला तेवढेच सुचते! 'अक्षर सुधारा', 'लक्ष कुठे असते?' अशा शब्दांनी मी किती मुलांच्या वह्या भरल्या असतील, देव जाणे.

"तिनं ही ओळ लिहिलीय का?" मी विचारले.

"नाही. जुनीच आहे."

"आणि तू ती पहिल्यांदा वाचलीस तेव्हा?"

तो जरा वरमला. "मलाही दिसली नाही. तू विचारलंस म्हणून उघडली."

"मग निष्काळजीपणा हा शब्द काढ. काय झालं आणि काय करायचं, एवढं लिही."

त्याने काढला. नवा शेरा असा काहीसा होता: बदल चांगला आहे, चिठ्ठीची तपासणी नेमकी आहे. फक्त शेवटच्या आवराआवरीत जुनी ओळ राहिली आहे. दार स्वतः मांडले असेल तरच जाताना खूण पुसावी; व्यवस्थापकाने दिले असेल तर तिला हात लावू नये. आणि चाचणीत आणखी एक पायरी घालावी: सेवक झोपेपर्यंत थांबून दुसऱ्यांदा हाक मारावी. माझ्याही नजरेतून हे सुटत होते. सुट्टीनंतर केलेस तरी चालेल.

"आता बरं आहे," मी म्हणालो. मग, का कोण जाणे, मी त्याला आईची ती रात्र सांगितली. त्याच्या आजीचीच गोष्ट ती. मी सांगत असताना तो एकदाच जिन्याकडे वळून पाहून घेता झाला. बोलणे संपल्यावर बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. शेवटी तो म्हणाला, "मामा, तू दमला होतास." मी म्हणालो, "हो, दमलो होतो. पण कडी दमल्यामुळं लागली नाही रे. सवयीनं लागली."

त्या मुलीने सुट्टी संपायची वाट पाहिली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिचे उत्तर आले. तीन ओळी बदलल्या होत्या आणि चाचणीत दोन हाका होत्या. तिने आधी ती ओळ तशीच ठेवून नवी चाचणी चालवून पाहिली, तेव्हा दुसरी हाक खरोखरच फुकट गेली, असे तिने कळवले होते. आणि मग दुरुस्ती केल्यावर दोन्ही हाकांना उत्तर आले. भाच्याने पुन्हा सगळे वाचले, या वेळी बिनरंगी ओळींसकट, आणि 'मान्य' लिहून लॅपटॉप मिटवला तो भाऊबीज होईपर्यंत उघडला नाही.

माझा गठ्ठा मात्र तसाच होता. रात्री मी पुन्हा बैठक मांडली. एका मुलाने निबंधाची सुरुवात फार सुरेख केली होती आणि शेवट अर्धाच सोडला होता. सवयीने मी 'अपूर्ण' असे लिहिणार होतो. मग जरा थांबून त्याच्या निबंधाखाली लिहिले, 'पुढे काय झाले ते मला शाळेत सांग.' एवढ्या गोष्टीने तो मुलगा सुधारेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण सुट्टीनंतर तो सांगायला आला, एवढे खरे.

मध्यरात्र उलटल्यावर मी झोपायला माडीवर गेलो. जिन्याचे दार उघडेच होते. चौकटीत कडीच्या जागी चार भोके राहिली आहेत. अंधारात जाताना माझा हात अजूनही तिथपर्यंत जातो. खाली देवघरात पूजेची समई मिणमिणत होती आणि घंटा आपल्या जागी, देवापाशी होती. उद्या पहाटे बायको ती वाजवील तेव्हा मला वर ऐकू येईल.